कानस मागं येताना

१

"संजनानं ती कानस आणल्यापासून म्हणं, तिच्या खोलीत…" एवढं माझ्या कानावर पडलं आणि गिरणी सुरू झाली.

भागूबाई पुढं बोलतच होती. तिचे ओठ हलत होते, समोरची बाई तोंडाला पदर लावून ऐकत होती. मी दळणाचा डबा घेऊन दोघींच्या मधोमध जाऊन उभी राहिले, तरी एक अक्षर कळेना. गिरणी थांबली तेव्हा भागूबाई पिठाच्या पिशवीचं तोंड बांधत होती.

"काय सांगत व्हतीस गं?"

"काय नाय. मिरच्या यंदा तिखट नायत, म्हनलं."

भागूबाईला मी लग्न होऊन आले तेव्हापासून ओळखते. मिरच्यांबद्दल बोलताना ती आवाज खाली आणत नाही.

लोक मला तोंडावर चौकस म्हणतात आणि पाठीमागं भोचक. माझी तक्रार नाही. शेजारच्या घरात काय चाललंय ते शेजारणीला ठाऊक नसेल तर मग तिला शेजारीण म्हणायचं कशाला? आणि इथं तर भिंतच एक आहे. भिवपुरी रोड स्टेशनच्या मागच्या अंगाला, डोंगराकडं तोंड करून एका ओळीत तीन खोल्या, वर सिमेंटचे पत्रे. पहिलीला कुलूप. मधली संजनाची. शेवटची आमची, म्हणजे माझी आणि माझे मालक सहदेव यांची. ते सकाळी खोपोलीकडं कामाला जातात ते दिवेलागणीला येतात. तोवर मला सोबत त्या भिंतीची. एका विटेची आहे. संजनानं कुकर चढवला की शिट्ट्या मी इकडून सांगते.

संजना ही गजा फिटरची मुलगी. गजा वारल्याला दोन पावसाळे झाले. त्याच्या आधी वर्षभर ती नवऱ्याच्या घरून मनगटाला पट्टी बांधून आली होती, ती परत गेली नाही. बापाचं टेबल, त्यावरचा वस्तू आवळून धरायचा वाईस आणि बापाचं काम तिनं उचललं. पितळेच्या छोट्या वस्तू करायच्या, अगदी हुबेहूब. तळहातावर बसेल अशी बैलगाडी. पाणी येईल असं वाटावं असा हातपंप. सध्या ती माथेरानच्या जुन्या वाफेच्या इंजिनाची प्रतिकृती करत होती. डोंगरावरच्या एका हॉटेलवाल्यानं सांगितली होती. पसंत पडली तर तो कायमचं काम देणार होता. नाही पडली, किंवा ही खोली हातची गेली, तर तिला जायला एकच दार होतं. ते कुठलं, हे तिच्या मनगटाला माहीत होतं.

म्हणून मला भागूबाईचं वाक्य पुरं पाहिजे होतं.

२

ती कानस आणायला तिच्याबरोबर मीच गेले होते.

गजाच्या वेळच्या कानशी झिजल्या होत्या. बाजारातून नव्या आणल्या त्या आठवडाभरात गुळगुळीत झाल्या. "यांच्यापेक्षा माझी जीभ खरखरीत हाय मावशी," संजना म्हणाली. मी म्हटलं, ते खरंच हाय, पण तिनं पितळ कापत नाय. माझं माहेर खालापूरचं. तिथं नामादादाचं जुनं हार्डवेअरचं दुकान आहे. वीस वर्षांपूर्वीचा माल अजून खणात पडलेला असतो, कारण दादाला आवरायचा कंटाळा.

कानस निवडायची कशी ते मी त्या दिवशी पाहिलं. बाई साडी निवडत नाही इतक्या निगुतीनं. एकेक कानस डोळ्यापुढं आडवी धरून ती कडेनं बघायची, वाकलीय का. मग उजेडात तिरकी करायची. दातांच्या टोकांवर चमक दिसली की बाजूला. चमक म्हणजे दात मेला. मग मूठ बसते त्या शेपटीला दोन बोटांत अलगद लोंबती धरून नखानं टिचकी. चांगली असेल ती टण्ण वाजते. एक वाजली थप्प.

"हिला आतून चीर हाय."

"आता माझ्या दुकानातल्या समद्या आजारी ठरव," नामादादा म्हणाला.

"लोखंडाला लावलेली पण नको दादा. पितळेची कानस पयल्यापासून पितळच खाते. एकदा का लोखंड चाखलं, की पितळेवर नुसती सरकते."

सुईसारख्या बारीक कानशींचा एक जुडगा तिला मिळाला, इंजिनाच्या चाकांसाठी. आम्ही निघणार तेवढ्यात तिनं खणाच्या तळातून एक अर्धगोल कानस काढली.

दात करडे, कोरे. चमकेचा ठिपका नाही. नख नुसतं टेकवलं तर नखाचा पांढरा भुगा पडला. टिचकी मारली तर आवाज दुकानभर फिरला. पण तिला मूठ बसवलेली होती, आणि मूठ मात्र वापरून वापरून काळी पडलेली, तेल प्यालेली, बोटांचे खळगे पडलेली.

संजनानं ती खाली ठेवली.

"काय गं?"

"अण्णा सांगायचे," तिनं बापाचं सांगितलं, "मूठ बसवलेली कानस घ्यायची नाय. मूठ आपली आपण बसवायची."

"का पण?"

"मुठीच्या आत काय हाय ते दिसत नाय म्हणून."

मी ती उचलून पाहिली. बोटं त्या खळग्यांत बसेनात. कानस धरताना अंगठा वर असतो आणि तो कानशीच्या टोकाकडं बघतो, एवढं मलाही ठाऊक आहे. या मुठीवरचा अंगठ्याचा खळगा माझ्याकडं बघत होता. म्हणजे तो बरोबर बसायचा तर माझ्या समोर उभं राहून, टोकाकडून हात पुढं करून कुणीतरी ती धरायला हवी होती.

"डावखुरा असंल कुणीतरी," मी म्हटलं.

"डावखुऱ्याचा अंगठापण पुढंच असतो मावशी." पण तिचं लक्ष मुठीवर नव्हतं. पर्समधून पितळेचा तुकडा काढून तिनं त्यावर कानस एकदा फिरवली. सोन्यासारखा कीस पडला. तिचा चेहरा असा उजळला की मला गजाच आठवला.

"घेऊन टाक," मी म्हटलं. "नवीन कानशीला कुणीतरी जुनी मूठ बसवली असंल, दुसरं काय."

"असंल," नामादादा म्हणाला. "कुठनं आली, मला तर आठवत नाय."

३

गजाच्या वेळेपासून दुपारी मला तो आवाज ऐकत पडायची सवय आहे. कानस पुढं जाताना खाते. मागं येताना तिला उचलून घ्यायची, घासत आणायची नाही, नाहीतर दात मरतात. त्यामुळं आवाज कसा, खर्र, मग गप्प. खर्र, मग गप्प. त्या गप्पमध्ये मला झोप लागते.

कानस आणल्यानंतरच्या कुठल्याशा दुपारी मला झोप लागेना. आधी कारण कळलं नाही. उकाडा होता, वीज गेलेली, पंखा बंद. बाहेर एक माणूस नाही. मी डोळे मिटून पडले आणि मग लक्षात आलं.

गप्प नव्हतं.

खर्र. आणि मग मधल्या जागेत, बारीक, लांबलेलं, स्सस्स.

म्हटलं, ही पोरगी कानस ओढायला लागली. एवढी चांगली कानस, महिन्यात मारून टाकेल. मी पदर खोचून बाहेर पडले आणि तिच्या दारात उभी राहिले.

"बापानं हेच शिकवलं का गं? उचलून घ्यायची का वढत आणायची?"

संजना माझ्याकडं बघत राहिली. "मी उचलतेच मावशी."

"मला काय ऐकू येत नाय?"

"मग बसा हितं. बघा."

मी पाटावर बसले. तिनं इंजिनाची चिमणी वाईसमध्ये धरली आणि कानस पुढं ढकलली. खर्र. मग उचलली. पितळ आणि कानस यांच्यामध्ये माझं बोट जाईल एवढी जागा होती, त्यातून मागच्या खिडकीचा उजेड दिसत होता. कानस हवेतून मागं आली.

स्सस्स.

संजनाचा हात थांबला नाही. तिनं नुसतं भिंतीकडं बोट केलं, माझ्या भिंतीकडं.

"तुमच्याकडनं येतो तो," ती म्हणाली. "मला वाटायचं तुमी भांडी घासताय."

४

मी सातवीपर्यंत शिकले, पण खुळी नाही. प्रत्येक गोष्टीला काहीतरी असतं. पत्रे तापले की कुरकुरतात. घुशी भिंतीखाली बिळं करतात. आवाज फिरून येतो, कोंडाण्याच्या लेण्यांत हाक मारली की येतोच की.

मी तिला थांबायला सांगितलं. आवाज थांबला. गजाची जुनी कानस चालवायला सांगितली. खर्र, गप्प. खर्र, गप्प. अगदी आमच्या जुन्या दुपारींसारखं. पुन्हा नवी घ्यायला लावली. खर्र, स्सस्स.

मग मी माझ्या खोलीत गेले आणि ओरडून सांगितलं, आता चालव. मधली भिंत माझ्या कानापासून हातभर लांब. आवाज आला, आणि तो तिच्या बाजूनं आला. मी भिंतीला कान लावला. आता तो भिंतीच्याही अलीकडं होता. माझ्या कानात नव्हता, पण कानाच्या फार लांबही नव्हता.

मी काही कान काढला नाही. आपल्याच घरातल्या भिंतीपासून आपण का मागं व्हायचं?

"घुशीच हायत," मी परत जाऊन सांगितलं. "औषध घालू."

"घुशी कानशीच्या तालावर चालतात व्हय मावशी?"

"तुझ्या बापानं पाळल्या असतील."

ती हसली. मला तेवढंच पाहिजे होतं. तिनं एकदा बोचकं बांधलं असतं तर ते कुठं जाऊन सोडावं लागलं असतं, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं. एका आवाजापायी तिला मी त्या घरात जाऊ देणार नव्हते.

५

त्या दिवसांत माझ्या टाचांच्या भेगा गेल्या.

हे सांगायचं कारण, त्या भेगा माझ्या लग्नापासूनच्या. शेतावरच्या. कसली कसली मलमं लावली, मेण लावलं. आणि आता अचानक टाचा अशा मऊ झाल्या की सहदेव म्हणाले, "काय, शिनेमात जायचं ठरवलंस का?" मी खूश होते. बांगड्या पण सैल झाल्या होत्या. म्हटलं, बरं झालं, अंगावरची चरबी उतरतेय.

भिंतीच्या बुडाशी मात्र केर जमायला लागला. सकाळी झाडलं तरी संध्याकाळी पुन्हा. पिठासारखा बारीक. पितळेचा असता तर पिवळा असता. हा पिवळा नव्हता. गिलाव्याचा म्हणावा तर चुना बोटाला कोरडा लागतो. हा थोडा चिकट होता. मी तो सुपलीत भरून बाहेर टाकायची आणि हात धुवायची.

अशाच एका दुपारी रूपेश आला. चाळीच्या मालकाचा मुलगा. या तीन खोल्या पाडून शनिवार-रविवारच्या पाहुण्यांसाठी बंगली बांधायची त्याच्या डोक्यात आहे, हे सगळ्या गावाला माहीत आहे. दारात मोटरसायकल लावून तो आत न येता बोलायला लागला.

"काकी, लोकं घाबरल्यात."

"लोकं म्हंजे कोण रं? भागूबाई का तू?"

"ती कानस माणूस घासते म्हनत्यात. जी चालवते तीच झिजते. तुमी संजनाकडं बघा ना, निम्मी झालीय."

असं होतं तर भागूबाईचं वाक्य. मला जरा निराशाच वाटली. मला वाटलं होतं काहीतरी दम असेल.

"ती जेवत नाय म्हणून निम्मी झालीय. इंजिन पुरं करतेय ती. तू तुझ्या जन्मात काय पुरं केलंस?"

"काकी, चेष्टा नाय. तिच्या बोटांचे ठसे गेल्यात. गेल्या टायमाला रेशनवर तिचा अंगठा लागला नव्हता, दुकानवाल्या पदूनं सोता सांगितलं. असली भानगड आमच्या जागेत नको. तिला म्हनावं, खोली मोकळी कर."

संजना मागं येऊन उभी राहिली होती. तिनं सगळं ऐकलं होतं. नकळत तिनं अंगठा मुठीत लपवला.

मग मात्र माझं डोकं फिरलं.

"या वेळच्या रेशनला तू ये," मी म्हटलं. "भागूबाईलापण आण. समद्यांसमोर लावू तिचा अंगठा."

"आन् नाय लागला तर?"

"तर मी सोता तिचं सामान टेंपोत घालीन. आन् लागला तर तुझ्या तोंडातनं खोलीचा ख निघायचा नाय. बोल."

तो बोलला, "चालंल." मोटरसायकल सुरू करताना तो हसत होता.

"मावशी," तो गेल्यावर संजना म्हणाली, "गेल्या टायमाला खरंच लागला नव्हता. पदूनं मशीनला डोळा दाखवायला लावला, तवा धान्य मिळालं."

"फिटरच्या हाताला ठसे राहतात का कधी? तेल लाव. रेशन येईपर्यंत भांडीकुंडी, धुणं, सगळं माझ्याकडं. तू नुसती इंजिनावर बस."

"आन् कानस?"

"कानस कशाला सोडायची? असली कानस तुला पुन्हा मिळायची नाय. तूच म्हणालीस."

६

मी तिची धुणीभांडी करायला लागले आणि ती इंजिन. चाकं झाली. चाकांना जोडणारे दांडे झाले, ते हलायचे पण. आवाज चालूच होता, खर्र, स्सस्स, आणि मी तो अंगावर घेत होते. दुपारी मुद्दाम त्या भिंतीला पाठ लावून लसूण सोलत बसायची.

आमच्या पत्र्याला एक भोक आहे. माध्यान्ह टळली की त्यातून उन्हाची काठी आत येते आणि सरकत सरकत भिंतीपर्यंत जाते. त्या दुपारी ती भिंतीशी पोचली तेव्हा मी लसूण सोलायचं थांबवलं.

उन्हात केर उडत होता. रोजच उडतो. पण केर उडतो तेव्हा कसाही उडतो, इकडं तिकडं. हा एका मापात पुढं जात होता आणि एका मापात मागं येत होता. पलीकडं संजना कानस ढकलायची तेव्हा तो भिंतीकडं जाऊन थांबायचा. तिनं उचलली की तो माझ्याकडं यायचा. आणि येताना मध्येच, उन्हाच्या काठीत, तेवढ्यापुरता केराला आकार यायचा. एक कोपर. वाकलेलं, कामात गुंतलेलं, फिटरच्या कोपरासारखं. कोपराच्या खाली काय होतं ते उजेडात नव्हतं. वर काय होतं तेही नव्हतं.

खर्र.

कोपर मागं आलं आणि माझ्या अंगठ्याला काहीतरी लागलं. दुखलं नाही. मांजर चाटतं तसं. आवाज माझ्या हातातून आला.

स्सस्स.

ओरडावं असं वाटलं, पण ओरडले असते तर पलीकडं तिचा हात थांबला असता. आणि मग ती विचारायला आली असती. आणि मग तिनं बोचकं बांधलं असतं.

"कोण हायेस रं तू?" मी हळूच विचारलं.

कोपर थांबलं नाही. कामावरच्या माणसाला कुणी काही विचारलं की तो हातातलं पुरं करून मग बघतो, तसं ते एकदा पुढं गेलं. मग केर थोडा वर सरकला. जिथं तोंड असावं तिथवर. ऊन तिथं नव्हतं म्हणून बरं.

मी उठले, पायात चप्पलसुद्धा न घालता संजनाकडं गेले आणि तिच्या हातातली कानस काढून घेतली.

"मूठ काढ हिची."

"का? काय झालं?"

"तुझा बाप सांगून गेला ना, मूठ आपली आपण बसवायची. मग काढ. बापाचं ऐकायचं नाय का?"

कानस उलटी धरून तिनं मुठीचा काठ टेबलाच्या कडेवर ठोकला. मूठ सुटायला अशा दोन ठोक्यांचं काम असतं. ही हलेना. मी तिच्या हातावर हात ठेवला आणि दोघींनी मिळून ठोकली. ती सुटली ती अशी, की कुणीतरी ओढून धरलेली एकदम सोडून द्यावी.

मुठीच्या आत काय होतं? भोक होतं, दुसरं काही नाही. संजनानं वाकून पाहिलं आणि म्हणाली रिकामं हाय. मी पण पाहिलं. आतली भिंत गुळगुळीत होती, आणि तिच्यावर बारीक बारीक वळ्या होत्या, गोल गोल. अंगठ्यावर असतात तशा. लाकडाच्या असतील. लाकडाला पण वळ्या असतात.

मूठ मी माझ्या चुलीत घातली, अंघोळीचं पाणी तापवते त्या. तेलकट असून पेटायला तिनं फार वेळ घेतला. संजनानं आंब्याच्या फांदीची नवी मूठ बसवली, आपल्या हाताच्या मापाची.

कानस पुन्हा चालली. खर्र. गप्प. खर्र. गप्प.

मी घरी येऊन इतक्या दिवसांनी गाढ झोपले.

७

इंजिन पुरं झालं. हॉटेलवाल्याचा माणूस गाडी घेऊन आला, भिंगातून बघितलं, दांडे हलवून बघितले आणि फोनवर कुणाशी तरी बोलताना म्हणाला की आता शिट्टीच तेवढी द्यायची राहिलीय. पुढचं काम तो तिथंच सांगून गेला, डबे करायचे, सगळी गाडी. संजना रडली. मी तिला चहा दिला आणि म्हटलं, रडायचं तर रेशनच्या दिवसानंतर रड, अंगठा ओला नको.

रेशनच्या दिवशी अख्खं गाव होतं. रूपेश आला होता, त्याच्या मागं भागूबाई, आणि भागूबाईच्या मागं गिरणीतली ती पदरवाली. पदूनं मशीन पुसलं.

"लाव गं," मी म्हटलं.

संजनानं अंगठा ठेवला. मशीननं हिरवा दिवा दाखवला, ताबडतोब. पदूनं स्वतःहून परत लावायला सांगितला, रूपेशच्या समाधानासाठी. परत हिरवा.

"ठसे गेल्यात म्हणत व्हतास ना रं?" मी म्हटलं. "बघ, तुझ्या डोक्यातल्या वळ्यांपेक्षा जास्त हायत."

लोक हसले. रूपेशनं मोबाईल काढला आणि त्यात काहीतरी फार महत्त्वाचं वाचायला लागला. भागूबाई माझ्याजवळ आली. "मी आपलं ऐकलेलं सांगितलं गं आवडे."

"मिरच्यांचं ना? माहीत हाय मला."

"आवडीकाकी, तुमचा लावा," पदू म्हणाला. "तुमचंपण धान्य काढून ठेवलंय."

मी अंगठा लावला.

लाल.

"पुसून लावा."

पुसून लावला. लाल. दुसरा अंगठा लावला. मग पहिलं बोट, मग दुसरं, एकेक करत सगळी. मशीन दर वेळी तेच बोलायचं, पुन्हा प्रयत्न करा. मी बोटं डोळ्याजवळ नेली. चष्मा आणला नव्हता, पण चष्म्याची गरज नव्हती. शेंगेतून काढलेल्या वाटाण्यासारखी होती. गोल, तुकतुकीत, आणि त्यांच्यावर काही नाही.

रूपेशनं मोबाईलमधून डोकं वर काढलं. संजना माझ्या बोटांकडं बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर काय यायला लागलंय ते मी बघत होते.

"तिची पण भांडी माझ्याकडंच हायत ना महिनाभर," मी मोठ्यानं म्हटलं. "दोन घरची भांडी घासून घासून गेले ठसे. रूपेश, तुझ्या आईची बोटं बघ एकदा. तू कधी बघितली नसशील."

परत हसले सगळे. भागूबाईनं स्वतःची बोटं पुढं केली, बघा बघा माझीपण, आणि बायका आपापली बोटं दाखवायला लागल्या. पदूनं मला डोळा दाखवायला लावला. डोळा जुळला. धान्य मिळालं. संजना पण शेवटी हसली, थोडी उशिरा.

म्हणजे भागूबाईचं वाक्य निम्मं खरं होतं. ती कानस माणूस घासते. फक्त जी चालवते तिला नाही. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. सांगून गाडीचे डबे कोण करणार?

८

आज संजना पहिला डबा करतेय. वीज गेलीय, उन्हाची काठी भिंतीशी आलीय. मी भिंतीला पाठ लावून बसले आहे. बांगड्या काढून डब्यात ठेवल्या, त्या आता हातात राहत नाहीत.

खर्र. गप्प. खर्र. गप्प. नवी मूठ, तिच्या मापाची. चांगलं चाललंय तिचं.

आणि आता, त्या गप्पमध्ये, अगदी बारीक, माझ्या बाजूला.

मूठ जळली तिला महिना होऊन गेला. चुलीतली राख मी कधीच झाडांना घातली.

मी उठले नाही. पाठ आणखी रेटून लावली भिंतीला. शेतावर भाताचे भारे वाहिलेली पाठ आहे ही. लसूण ठेवलेलं सूप पुढं ओढलं आणि सोलायला लागले.

"घास," म्हटलं. "मी हितंच हाय. बघू तुझे दात आधी जातात का मी."

पलीकडून संजनानं हाक मारली, "मावशी, कुणाशी बोलताय?"

"घुशींशी," मी सांगितलं. "तू हात थांबवू नको."